कॉलरबोन सरकून मोडलं तर: लहान छेदातून रॉड की प्लेट, आणि पुढचे तीन महिने

बाइक घसरते, माणूस खांद्यावर आपटतो आणि एक्स-रेमध्ये कॉलरबोनचे, म्हणजे गळ्याखालून खांद्यापर्यंत जाणाऱ्या हाडाचे, दोन तुकडे एकमेकांवर चढलेले दिसतात. लगेच घरात दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, "हे हाड आपोआप जुळतं, नुसता पट्टा बांधा." दुसरा म्हणतो, "प्लेट टाकून मोकळे व्हा." आणि हल्ली बहुतेक जण विचारतात, "डॉक्टर, छोट्या छेदातून होईल ना?" प्रश्न रास्त आहेत, फक्त त्यांचा क्रम महत्त्वाचा. तुकडे कसे पडलेत हे आधी बघायचं, त्यावरून ऑपरेशन लागतं की नाही ते ठरवायचं आणि छेद किती लहान ठेवता येईल हे सगळ्यात शेवटी. हाडांचा डॉक्टर म्हणून मी रुग्णांना ज्या क्रमाने समजावतो, त्याच क्रमाने इथे लिहितो.

पडल्यानंतरचे पहिले तास

हात पोटाशी धरून झोळीत घ्या. झोळी नसेल तर ओढणी किंवा उपरणं गळ्यात बांधलं तरी चालतं. हाताचा भार खांद्यावरून निघाला की निम्मी वेदना तिथेच कमी होते. मोडलेल्या जागेवर मालीश करू नका, ओढून "बसवू" नका. या हाडाच्या मागेच हाताकडे जाणाऱ्या मोठ्या रक्तवाहिन्या आणि नसा आहेत, त्यांच्या खाली फुप्फुसाचं टोक. टोकदार तुकडा आत दाबला गेला तर साध्या दुखापतीची गंभीर दुखापत होते. हाडवैद्याकडे जाऊन आलेल्या रुग्णांत मला आणखी एक नुकसान दिसतं, ते वेळेचं. त्याबद्दल पुढे येईलच.

काही लक्षणं दिसली तर सकाळपर्यंत थांबायचं नाही: हात गार किंवा निळसर पडणं, बोटं हलवता न येणं, हाताला बधिरपणा, धाप लागणं, जखमेतून हाड दिसणं. आणखी एक लक्षण सहज नजरेतून सुटतं. हाडाच्या टोकाने वरची कातडी तंबूसारखी उचलली जाते आणि त्या ठिकाणी ती पांढरी पडते. बोटाने हलवली तर हलत नाही. ही कातडी एक-दोन दिवसांत मरू शकते. नुसता उंचवटा दिसणं वेगळं, तो बहुतेकांना असतोच. कातडी पांढरी आणि ताठ झाली असेल तर मात्र घाई करायची.

एक्स-रे उभं राहून काढायचा

झोपवून काढलेल्या एक्स-रेमध्ये तुकडे बऱ्यापैकी जागेवर दिसतात. रुग्ण उभा राहिला की हाताच्या वजनाने बाहेरचा, म्हणजे खांद्याकडचा तुकडा खाली येतो आणि छातीचा मोठा स्नायू त्याला आत ओढतो. मानेचा स्नायू आतल्या, म्हणजे गळ्याकडच्या तुकड्याला वर खेचतो. खरी परिस्थिती तेव्हा कळते. म्हणून उभ्याने दोन एक्स-रे काढतात: एक समोरून, दुसरा खालून वर तिरकस. छातीचा साधा एक्स-रेही मी सांगतो. त्यात दोन्ही बाजूंची कॉलरबोन एकाच फिल्मवर येतात, त्यामुळे मोडलेली बाजू किती आखूड झाली ते मोजता येतं आणि फुप्फुसाभोवती हवा भरली आहे का तेही दिसतं. फ्रॅक्चर चुरा झालेलं असेल किंवा सांध्याजवळ असेल तरच सीटी स्कॅन. प्रत्येकाला त्याची गरज नसते.

प्रौढांतली साधारण ८० टक्के फ्रॅक्चर मधल्या भागात असतात. हाड तिथे सगळ्यात बारीक असतं आणि त्या भागावर स्नायूंचं संरक्षण जवळजवळ नसतं. या लेखातला बहुतेक मजकूर याच मधल्या फ्रॅक्चरबद्दल आहे.

ऑपरेशन कुणाला, आणि कुणाला नको

तुकडे एकमेकांना टेकलेले असतील तर झोळी पुरते. आठच्या आकाराचा पट्टा आजही सर्रास बांधला जातो, पण त्याने साध्या झोळीपेक्षा हाड चांगलं जुळतं असं सिद्ध झालेलं नाही, आणि काखेत तो रुततो. वाढत्या वयातल्या मुलांना तर क्वचितच ऑपरेशन लागतं. त्यांचं हाड वाढताना स्वतःच आकार सुधारून घेतं.

जखम उघडी असेल, कातडी धोक्यात असेल, रक्तवाहिनी किंवा नस दबली असेल, तर ऑपरेशनला पर्याय नाही. एरवी "अस्थिर" म्हणजे काय हे मी तीन गोष्टींवरून ठरवतो. तुकड्यांचा एकमेकांशी काहीच संपर्क उरलेला नाही. दोन सेंटिमीटरपेक्षा जास्त आखूडपणा आहे. किंवा मध्ये एक तुकडा सुटून आडवा फिरला आहे. यातलं काही असेल तर रुग्णाशी ऑपरेशनची चर्चा सुरू होते. दोन्ही हातांवर जोर देऊन पोट भरणारा माणूस, पाय मोडल्यामुळे कुबड्या लागणारा रुग्ण, खेळाडू, यांच्या बाबतीत पारडं ऑपरेशनकडे झुकतं.

पूर्वी सर्जन रुग्णाला ठामपणे सांगायचे की हे हाड जुळतंच. १९६० च्या दशकातल्या नोंदींत न जुळण्याचं प्रमाण एक टक्क्याच्याही खाली होतं. पुढे पूर्ण सरकलेल्या फ्रॅक्चरचा वेगळा विचार झाला तेव्हा चित्र बदललं. २००७ साली कॅनडातल्या सर्जननी १३२ रुग्णांवर केलेला तुलनात्मक अभ्यास प्रसिद्ध झाला. वर्षभर पाठपुरावा झालेल्यांपैकी प्लेट टाकलेल्या ६२ जणांत दोघांचं हाड जुळलं नाही, झोळीवर ठेवलेल्या ४९ जणांत सात जणांचं. याच आकड्यांची दुसरी बाजूही रुग्णाला सांगायला हवी: झोळीवरच्या ४९ पैकी ४२ जणांचं हाड ऑपरेशनशिवाय जुळलं. त्यातल्या काहींचं ते वाकडं किंवा आखूड जुळून त्रास देत राहिलं हेही खरं. २०१३ मध्ये ब्रिटनमधल्या २०० रुग्णांच्या अभ्यासातही ऑपरेशनने न जुळण्याचं प्रमाण घटलं, मात्र न जुळलेले रुग्ण वगळले तर दोन्ही गटांच्या खांद्याच्या कामात फारसा फरक उरला नाही.

तेव्हा "ऑपरेशन नाही केलं तर हात जाईल" असं कुणी घाबरवत असेल तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या. आणि ऑपरेशन ठरलंच, तर पहिल्या आठ-दहा दिवसांत व्हावं. दोन-तीन आठवडे गेले की तुकड्यांभोवती नवं हाड चिकटायला लागतं. मग न उघडता ते जागेवर आणता येत नाहीत आणि लहान छेदाची शक्यता तिथेच संपते. मालीशवाल्याकडे गेलेला वेळ नडतो तो इथे.

रॉड की प्लेट

लहान छेदाच्या दोन पद्धती आहेत. पहिलीत टायटॅनियमची लवचीक सळई हाडाच्या पोकळीतून सरकवतात. तिला आपल्याकडे सगळे टेन्स नेल म्हणतात आणि रुग्ण रॉड म्हणतात. दुसरीत दोन छोट्या छेदांमधून प्लेट कातडीखालून सरकवून दोन्ही टोकांना स्क्रूने बसवतात.

माझं मत स्पष्ट आहे. फ्रॅक्चर साधं आडवं किंवा थोडं तिरकं असेल, दोन तुकडे एकमेकांवर नीट बसणारे असतील, तर रॉड उत्तम. हाडाचा चुरा असेल तर रॉड नको. रॉड हाडाला रेषेत धरतो, पण लांबी धरून ठेवत नाही. मध्ये आधारच नसेल तर दोन तुकडे रॉडवरून एकमेकांकडे सरकतात, हाड आखूड होतं आणि रॉडचं टोक कातडीखाली टोचायला लागतं. अशा फ्रॅक्चरला पुलासारखी बसणारी प्लेट योग्य. केवळ व्रण लहान दिसावा म्हणून चुऱ्याच्या फ्रॅक्चरमध्ये रॉडचा आग्रह धरू नका, आणि सर्जनने नाही म्हटलं तर त्याला मागास समजू नका.

के-वायर या साध्या गुळगुळीत तारेचाही पर्याय कुठे सुचवला जातो. या हाडात एकट्या तारेवर भिस्त ठेवायला माझा विरोध आहे. ती जागेवरून सरकते, आणि सरकून छातीत गेल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत.

भरती होण्याआधी

रक्ताच्या तपासण्या, गरजेप्रमाणे ईसीजी आणि फिजिशियनचा फिटनेस. रक्त पातळ करणारी गोळी, मधुमेह, दमा, औषधांची अ‍ॅलर्जी हे सगळं भूलतज्ज्ञांना सांगा. जेवण सहा तास आधी बंद, साधं पाणी कधीपर्यंत चालेल ते तेच सांगतील. तंबाखू, मशेरी, सिगारेट आजपासून बंद. हे मी शिस्त म्हणून सांगत नाही. तंबाखूने बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि हाड न जुळण्याचा धोका वाढतो.

महाराष्ट्रात उपचार घेत असाल तर रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला गाठून महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आपलं ऑपरेशन बसतं का ते भरती होतानाच विचारा. डिस्चार्जच्या दिवशी विचारून उपयोग नसतो.

संमतीपत्रावर सही करताना एक वाक्य नीट ऐकून घ्या: "बंद पद्धतीने जमलं नाही तर फ्रॅक्चरवर छेद वाढवावा लागेल." रॉडच्या ऑपरेशनांत हे बऱ्याचदा होतं. दोन-तीन सेंटिमीटरचा छेद घेऊन तुकडे डोळ्यांसमोर बसवणं हे अपयश नाही. अर्धा-पाऊण तास बंद खटपट करत राहण्यापेक्षा ते शहाणपणाचं.

रॉड कसा टाकतात

बहुतेकदा पूर्ण भूल देतात. काही ठिकाणी मानेजवळ इंजेक्शन देऊन फक्त तो भाग बधिर करतात. रुग्णाला उताणं झोपवून दोन खांद्यांच्या मध्ये पाठीखाली छोटी घडी ठेवतात. त्याने खांदा मागे पडतो आणि आखूड झालेलं हाड थोडं ताणलं जातं. सी-आर्म म्हणजे ऑपरेशन चालू असताना एक्स-रे दाखवणारं यंत्र. निर्जंतुक कापड घालण्याआधी ते फिरवून हाड दोन दिशांनी पूर्ण दिसतंय याची खात्री करायची. हे आधी बघितलं नाही तर नंतर सगळ्यांचाच वेळ जातो.

छातीच्या मधल्या हाडाशी कॉलरबोनचा जो सांधा आहे, त्याच्या एक-दोन सेंटिमीटर बाहेर साधारण तेवढाच छेद घेतात. हाडाच्या पुढच्या भिंतीला ड्रिलने किंवा आरीने (टोचून भोक पाडायच्या टोकदार हत्याराने) छिद्र पाडतात. सुरुवातीला आरी सरळ टेकवायची, भिंत भेदली की हळूहळू आडवी करत हाडाच्या लांबीच्या दिशेने वळवायची. मागच्या भिंतीकडे ती घसरता कामा नये, कारण मागे मोठ्या रक्तवाहिन्या आहेत. पोकळीच्या रुंदीप्रमाणे साधारण दोन ते तीन मिलिमीटर जाडीचा रॉड निवडतात. त्याचं टोक किंचित वाकडं असतं, आणि पुढची सगळी करामत त्या वाकड्या टोकाची आहे.

रॉड हातोडीने ठोकायचा नसतो. मूठ लावून उजवीकडे-डावीकडे अर्धा-अर्धा फेरा देत तो पुढे जातो. कॉलरबोन इंग्रजी एस अक्षरासारखं वळणदार आहे. वाकडं टोक त्या वळणावर अडतं, थोडं फिरवलं की पुन्हा वाट सापडते. हाताला आतल्या भिंतीची खरखर जाणवत राहते. अचानक ती खरखर थांबली आणि रॉड सैल वाटला, तर तो पोकळीबाहेर आला असं समजून थांबायचं आणि सी-आर्मवर बघायचं.

फ्रॅक्चरपाशी रॉड पोहोचला की कातडीतल्या सुईएवढ्या छिद्रांतून दोन टोकदार चिमटे घालून दोन्ही तुकडे धरतात. बाहेरचा तुकडा उचलून, लांब ओढून आतल्या तुकड्यासमोर आणतात. मग रॉडचं टोक फिरवून समोरच्या पोकळीचं तोंड शोधायचं. एका दिशेने चित्र बरोबर दिसलं म्हणून समाधान मानायचं नाही. रॉड हाडाच्या पुढून किंवा मागून गेलेला असला तरी समोरून तो आत असल्यासारखाच दिसतो. दुसऱ्या दिशेने पाहून खात्री झाली की मगच पुढे. रॉड बाहेरच्या टोकाच्या सांध्याआधी थांबवतात, जास्तीचा भाग हाडाजवळ कापतात, टोक कातडीखाली नीट गाडतात आणि एक-दोन टाके घालतात.

प्लेट लहान छेदांतून

यात फ्रॅक्चरच्या दोन्ही बाजूंना, प्लेटच्या टोकांपाशी, दोन-तीन सेंटिमीटरचे दोन छेद असतात. मध्ये कातडी अखंड राहते. हाडावरच्या आवरणाला धक्का न लावता त्याच्यावरून बोगदा करतात आणि आधीच हाडाच्या वळणाला जुळवून बनवलेली लॉकिंग प्लेट (जिच्या भोकांत स्क्रू घट्ट अडकून बसतात) त्यातून सरकवतात. आवरण शाबूत राहिल्याने तुकड्यांचा रक्तपुरवठा टिकतो, आणि कॉलरबोनवरून छातीकडे उतरणाऱ्या संवेदनेच्या बारीक नसा वाचण्याची शक्यता वाढते.

अवघड भाग लांबीचा. मधला चुरा बघता येत नाही, म्हणून चांगल्या बाजूच्या हाडाशी ताडून लांबी ठरवावी लागते. प्लेट तात्पुरती तारांनी रोवून, सी-आर्मवर दोन दिशांनी तपासून मगच दोन्ही बाजूंना सहसा तीन-तीन स्क्रू. ड्रिल पलीकडची भिंत ओलांडताना सर्जनचा हात थांबला पाहिजे. त्याच्या पुढे फुप्फुस आणि रक्तवाहिन्या आहेत. या ऑपरेशनला अनुभव लागतो. तेव्हा तुमच्या सर्जनला विचारा, "तुम्ही ही पद्धत नेहमी करता का, की उघडून प्लेट टाकण्यात तुमचा हात बसलेला आहे?" ज्या पद्धतीत हात बसलेला आहे तीच निवडू द्या.

खांद्याकडच्या टोकाचं फ्रॅक्चर हा वेगळा विषय आहे. तिथे हाडाला खाली धरणारे बंध तुटलेले असतात, त्यामुळे हाड न जुळण्याचं प्रमाण जास्त. रॉडचा तिथे उपयोग नाही. खास प्लेट लागते किंवा दुर्बिणीतून मजबूत दोऱ्याने हाड खाली बांधतात.

काय बिघडू शकतं

रॉडची सर्वात नेहमीची तक्रार म्हणजे आतल्या टोकाशी टोचणं. गळ्याच्या खाली गाठ लागते, सदऱ्याची कॉलर घासते. टोक कातडीला आतून ढकलत असेल आणि तिथे लाली आली असेल तर तपासणीची तारीख यायची वाट बघू नका. प्लेटचा त्रास बॅगेच्या पट्ट्याखाली, ब्राच्या पट्टीखाली किंवा सीट बेल्टखाली होतो. छेदाच्या खाली तळहाताएवढा भाग बधिर राहणं प्लेटनंतर बऱ्याच जणांत दिसतं. काळाने तो कमी होतो, काहींचा पूर्ण जात नाही. जंतुसंसर्ग, रॉड वाकणं, प्लेट मोडणं, हाड न जुळणं, हे कमी वेळा होतं, पण होतं. रक्तवाहिनी किंवा फुप्फुसाला इजा दुर्मीळ आहे.

पहिले सहा आठवडे तुमच्या हातात

ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी वेदना एवढी उतरते की रुग्णाला वाटतं, हाड जुळलं. रॉडनंतर तर हे हमखास. हाड मात्र अजून मोडलेलंच असतं, धातूने फक्त धरून ठेवलेलं. बिघडलेल्या बऱ्याच केसेसच्या मुळाशी हा गैरसमज मला दिसला आहे.

झोळी साधारण दोन आठवडे. बोटं, मनगट, कोपर पहिल्या दिवसापासून हलवा, दिवसातून पाच-सहा वेळा झोळीतून हात काढून कोपर पूर्ण सरळ करा. दुखणं परवानगी देईल तसं पुढे वाकून हात सैल सोडायचा आणि लंबकासारखा हलवायचा. त्यानंतर दुसऱ्या हाताच्या आधाराने वर उचलायचा, मात्र खांद्याच्या उंचीपर्यंतच. ही मर्यादा का, ते समजून घ्या. हात खांद्याच्या वर गेला की कॉलरबोन स्वतःभोवती फिरायला लागतं. एकटा गोल रॉड हे फिरणं रोखू शकत नाही. म्हणून सहा आठवड्यांचा एक्स-रे बघेपर्यंत डोक्यावर हात नेऊन केस विंचरायचे नाहीत, वरच्या फळीवरचा डबा काढायचा नाही, बसचा किंवा लोकलचा वरचा दांडा धरायचा नाही. जमिनीवरून उठताना त्या हातावर जोर द्यायचा नाही.

झोपताना पाठीला दोन-तीन उशा लावून अर्धवट बसतं राहा आणि कोपराखाली एक उशी ठेवा, नाहीतर खांदा मागे पडून रात्रभर ठणकतो. पुढून उघडा सदरा घाला: दुखरा हात आधी बाहीत, काढताना शेवटी. टाके दहा ते चौदा दिवसांनी निघतात, तोवर जखम कोरडी.

सहा आठवड्यांच्या एक्स-रेमध्ये रॉडभोवती नव्या हाडाचा पांढुरका ढग दिसायला हवा. घट्ट बसवलेल्या प्लेटमध्ये असा ढग दिसेलच असं नाही, तिथे फ्रॅक्चरची रेष पुसट होत जाते. दोन्ही ठीकच. त्यानंतर पूर्ण हालचाल आणि हळूहळू वजन. टेबलावरचं काम दोन आठवड्यांत सुरू होऊ शकतं. दुचाकी साधारण सहा ते आठ आठवड्यांनी, तेही ब्रेक दाबताना आणि हँडल वळवताना दुखत नसेल तर. पोती उचलणं, शेतातलं जड काम, कबड्डी, जिम यांना किमान तीन महिने, आणि ते एक्स-रे बघूनच.

रॉड किंवा प्लेट काढायची का

डिस्चार्ज कार्डावर इम्प्लांटचे, म्हणजे आत बसवलेल्या रॉड-प्लेटचे, स्टिकर लावून घ्या आणि ते कार्ड जपा. वर्षभराने दुसऱ्या गावात काढायची वेळ आली तर कोणत्या मापाचा, कोणत्या बनावटीचा स्क्रू आहे हे त्यावरून कळतं आणि नेमका पेचकस मागवता येतो.

रॉड बहुतेकदा काढतातच, हाड पक्कं जुळल्यावर सहा ते नऊ महिन्यांनी, आणि पुष्कळदा त्याच दिवशी घरी सोडतात. प्लेट त्रास देत नसेल तर राहू द्या. काढायचीच असेल तर किमान वर्ष, शक्यतो दीड वर्ष जाऊ द्या. स्क्रू काढल्यावर त्यांची भोकं हाडात राहतात आणि ती भरेपर्यंत त्याच जागी पुन्हा मोडण्याचा धोका असतो. म्हणून प्लेट काढल्यानंतर पहिले दोन-तीन महिने जड वजन, धक्काबुक्कीचे खेळ आणि पडण्याचा धोका असलेली कामं पुन्हा बंद. रोजच्या साध्या हालचालींना मात्र काही दिवसांतच मुभा असते.